‘काहीतरी चांगलं सुचवा’ला उत्तर देताना : माझा अनुभव

वाचकांच्या ऑनलाइन गटात नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काहीतरी चांगलं सुचवा ना.’ तासाभरात तीस-चाळीस नावं येतात. सगळी नावाजलेली, त्यातली निम्मी त्यानं शाळेतच वाचलेली. तो यादी जपून ठेवतो आणि त्यातलं एकही पुस्तक हातात घेत नाही. पुण्यात अशा गटाचं काम बघून माझं एक मत पक्कं झालंय. माणसाचा वाचनाचा पिंड कळल्याशिवाय त्याला पुस्तक सुचवता येत नाही, आणि तो पिंड सगळ्यात लवकर कळतो त्यानं अर्धवट सोडलेल्या पुस्तकांवरून.

म्हणून ओळख करून देताना आम्ही नोकरी-शिक्षण विचारत नाही. चार गोष्टी लिहायला सांगतो: वर्षभरात शेवटपर्यंत वाचलेली तीन पुस्तकं, अर्धवट सोडलेली दोन (कितव्या पानावर आणि का), वाचायला वेळ कधी मिळतो, आणि वाचन कागदावर, मोबाइलवर की कानांनी. दुसरी गोष्ट लोक टाळतात. गाजलेलं पुस्तक आपल्याला झेपलं नाही, हे चारचौघांत लिहायचा संकोच वाटतो. ती आग्रहानं लिहून घ्यायची. आवडल्याची कारणं सगळ्यांची सारखीच निघतात. पण ‘भाषा बोजड’, ‘पात्रं इतकी की कोण कोणाचा कोण ते कळेना’, ‘मध्येच वीस पानं नुसतं वर्णन’ यातून माणूस स्पष्ट दिसतो. वेळेचंही तसंच. वनाज ते रामवाडी मेट्रोत उभ्यानं वाचणाऱ्याला सहाशे पानांची पुठ्ठा बांधणीची कादंबरी सुचवून काय उपयोग? एका हातात ती पेलतच नाही. त्याला कथासंग्रह द्यावा, ललित लेख द्यावेत, मध्येच मिटलं तरी धागा तुटणार नाही असं काहीतरी.

सुचवणाऱ्यानं एका वेळी दोनच पुस्तकं सांगावीत. एक त्याच्या आवडीच्या अगदी जवळचं, दुसरं एक पाऊल पलीकडचं. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या, आणि अनुवाद असेल तर अनुवादकही. हे सगळं कशाला, असं वाटतं खरं. पण एकाच परदेशी कादंबरीचे दोन-तीन अनुवाद असतात, एखादी संक्षिप्त आवृत्ती असते, आणि सांगितलं एक अन् वाचलं भलतंच असं होतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असेल तर तो उत्तम. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, आणि आपल्याकडच्या पुस्तकांचा बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतो. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतो, तिथे प्रकाशक आणि वर्ष यांवरच भिस्त. शिवाय पुस्तकाची एक उणीव लिहायचीच. ‘पहिली साठ पानं संथ आहेत, मग वेग येतो’ हे आधीच माहीत असलेला वाचक चाळिसाव्या पानावर पुस्तक खाली ठेवत नाही.

पुस्तक मिळवायला आधी ग्रंथालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं. दुकानात ‘आवृत्ती संपली’ असं उत्तर मिळालेलं पुस्तक अशा ठिकाणी सापडू शकतं. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारताना पुस्तकाच्या नावासोबत प्रकाशकही सांगावा, शोध सोपा होतो.

पीडीएफ मागणारे असतातच. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं पुस्तकाचे हक्क (कॉपीराइट) राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. पण नव्या आवृत्तीला दुसऱ्या कोणी लिहिलेली प्रस्तावना वेगळी, तिचे हक्क वेगळे. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची फाइल गटात आली की आम्ही लगेच काढतो. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच लहान असतात, लेखक-प्रकाशकांच्या पोटावर पाय नको.

पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी घरचा पत्ता गटात टाकू नये. पहिली भेट वर्दळीच्या जागी ठेवावी. एक कोथरूडचा आणि एक पिंपरीचा असेल तर जिल्हा न्यायालय (जुनं नाव सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्टेशन सोयीचं, दोन्ही मार्गिका तिथे मिळतात. पेठेत यायचं असेल तर मंडई स्टेशन गाठावं. गाडी आणली तर भेटीपेक्षा पार्किंगलाच जास्त वेळ जातो. देताना मुखपृष्ठाचा आणि फाटलेल्या पानांचा फोटो दोघांकडे राहू द्यावा. मुदत तीस दिवस. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी हवीच. तरी भिजलं तर उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात. पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली उभं करा, कागद दर दोन तासांनी बदला. गुळगुळीत कागदाची चित्रं असतील तर ती पानं आधी सोडवा, वाळली की कायमची चिकटतात.

बाहेरगावी पाठवताना बऱ्याच जणांची गफलत होते. टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कमाल वजन पाच किलो आणि त्याला १०० रुपये, कर वेगळा. खिडकीवर हे नाव घेऊनच मागावं, नाहीतर महागड्या सेवेचे पैसे भरून परत याल. अडीचशे पानांचं डेमी (कादंबऱ्यांच्या नेहमीच्या) आकाराचं पुस्तक वेष्टनासकट ३०० ग्रॅमच्या थोडं वर जातं, म्हणून जाड पुठ्ठा न घालता दुहेरी ब्राउन पेपर पुरे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. जाहिराती असलेली प्रकाशनं यात बसत नाहीत, तेव्हा दिवाळी अंक हातोहातच द्यावेत. वाहतूक जमिनीवरून होते, वाढदिवसाची तारीख गाठायची असेल तर भरवसा ठेवू नका.

गटाच्या सामाईक तक्त्यात पुस्तक, कोणाकडून, कोणाकडे, दिल्याची तारीख असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘थांबलो ते पान’. पूर्ण वाचलं तर तिथे बरोबरची खूण, सोडलं तर पानाचा आकडा आणि चार शब्द कारण. पुढचं पुस्तक सुचवण्याआधी आम्ही तोच रकाना उघडतो.