अनाथ पॅकेज दत्तक घेताना

पॅकेज मेंटेनर, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या डिस्ट्रोत (डेबियन, फेडोरा, आर्च अशा तयार संचात) एखादा प्रोग्रॅम बांधून सांभाळणारा, व्हायचं ठरलं की बहुतेकांना आधी सुचतं ते हेच: आपला आवडता प्रोग्रॅम डिस्ट्रोत नाही, तो आत आणू. हा विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा. नवं पॅकेज आत आणणं हा या कामातला सगळ्यात किचकट भाग, आणि नवशिका नेमकी तिथूनच सुरुवात करतो. डेबियनमध्ये नव्या नावाचं पॅकेज आधी 'न्यू' रांगेत थांबतं. तिथली तपासणारी मंडळी आतल्या फाइलींची लायसन्सं कॉपीराइट फाइलशी ताडून बघतात. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या उसन्या जावास्क्रिप्ट फाइलची नोंद राहिली, तेवढ्यावर पॅकेज परत येऊ शकतं. त्यापेक्षा जे पॅकेज आधीच आत आहे पण ज्याला कुणी वाली उरलेला नाही, ते घ्या.

अशा पॅकेजांची यादी डेबियनच्या बग ट्रॅकरमध्येच असते, डब्ल्यूएनपीपी या नावाखाली. नोंदींच्या सुरुवातीची अक्षरं ओळखता आली की यादी वाचता येते. 'ओ' म्हणजे अनाथ. 'आरएफए' म्हणजे सध्याच्या मेंटेनरला पॅकेज कुणाच्या तरी हाती द्यायचंय. 'आरएफएच' म्हणजे फक्त मदत हवी आहे, आणि माझ्या मते शिकायला ही सगळ्यात चांगली जागा, कारण चुका दाखवणारा माणूस अजून जागेवर असतो. पूर्ण यादी चाळत बसू नका. डेवस्क्रिप्ट्स या साधनांच्या पॅकेजातली डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही आज्ञा चालवली की तुमच्या मशीनवर असलेल्यांपैकी कुठली पॅकेजं अडचणीत आहेत तेवढंच दिसतं. जे आपण रोज वापरतो ते बिघडल्याचं आपल्यालाच आधी कळतं, म्हणून निवड याच यादीतून करावी.

निवडताना काही गोष्टी तपासा. अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्प, जिवंत आहे का? तो मेला असेल तर तुम्ही पॅकेज नव्हे, अख्खा प्रोग्रॅम दत्तक घेताय. यावर किती पॅकेजं अवलंबून आहेत? ॲप्ट आरडिपेंड्स चालवून बघा; यादी पडद्यात मावत नसेल तर पुढच्याकडे वळा. आणि पहिलं पॅकेज लायब्ररीचं नको. लायब्ररीचं एसओ-नाव (इतर प्रोग्रॅम तिला ज्या नावाने शोधतात ते) बदललं की बायनरी, म्हणजे बांधून तयार, पॅकेजचं नाव बदलतं, नाव बदललं की पुन्हा 'न्यू' रांग, आणि मग तिच्यावर विसंबलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधून घेणं. त्याहून वाईट म्हणजे अपस्ट्रीमने एबीआय (बांधलेले प्रोग्रॅम लायब्ररीशी ज्या सांध्याने जुळतात तो) मोडला आणि एसओ-नाव तसंच ठेवलं तर बिल्ड, म्हणजे कोडमधून पॅकेज बांधणं, निमूट पार पडतं, पण दुसऱ्यांचे प्रोग्रॅम चालताना कोसळतात. कमांड लाइनवरचं छोटं साधन, सी किंवा पायथनमधलं, सोबत चाचण्या असलेलं, असं काहीतरी पहिल्यांदा बरं.

दत्तक घेण्याची कृती दोन मिनिटांची आहे: 'ओ' नोंदीचं शीर्षक बदलून 'आयटीए' करायचं, मालक म्हणून स्वतःचं नाव लावायचं, आणि पहिल्या अपलोडच्या चेंजलॉगमधून ती नोंद बंद करायची. पॅकेज कागदोपत्री अनाथ नाही, पण मेंटेनर गप्प आहे, अशी स्थिती जास्त नाजूक. त्यासाठी 'आयटीएस' नावाची प्रक्रिया आहे. तसा बग नोंदवायचा, २१ दिवस वाट बघायची, आणि आक्षेप आला नाही तर विलंबित रांगेत किमान ७ दिवसांच्या मुदतीने अपलोड करायचं. फेडोरात अनाथ झालेलं पॅकेज ६ आठवडे कुणी उचललं नाही तर निवृत्त होतं. आर्चच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांनीच चालवलेल्या पॅकेजांच्या साठ्यात, पॅकेज जुनं झाल्याची खूण लावल्यावर दोन आठवडे उत्तर आलं नाही तर ते अनाथ करण्याची विनंती करता येते, आणि एकदा अनाथ झालं की खातं असलेला कुणीही ते उचलू शकतो.

ही 'कुणीही'ची सोय महागात पडू शकते. जुलै २०१८ मध्ये एयूआरमधलं पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅमचं एक अनाथ पॅकेज कुणीतरी दत्तक घेतलं आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट उतरवून चालवणारी ओळ घातली. डेबियनच्या पॅकेजांमधल्या पोस्टइन्स्ट वगैरे स्क्रिप्टा इन्स्टॉल होताना थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, म्हणून चालतात. म्हणून तिथे नवख्याला अपलोडचा हक्क लगेच मिळत नाही. तुमचं काम मेंटॉर्स सर्व्हरवर ठेवायचं, 'आरएफएस' बग नोंदवायचा, आणि कुणी डेबियन डेव्हलपर प्रायोजक म्हणून ते तपासून आपल्या सहीने चढवतो. काही अपलोड नीट झाले की जीपीजी किल्लीवर डेव्हलपरची सही आणि शिफारस घेऊन डेबियन मेंटेनर होता येतं. मग ठरावीक पॅकेजांपुरता हक्क मिळतो. ही चाल मुद्दाम संथ ठेवलेली आहे. तिच्यावर चिडून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष काम. सोर्स पॅकेजात 'डेबियन' नावाचा फोल्डर असतो आणि मेंटेनरचा संसार तेवढाच. कंट्रोल फाइलमध्ये डिपेंडन्सी, रूल्स ही डेबहेल्पर या मदतनीस साधनाच्या कृपेने तीन-चार ओळींत आटोपणारी मेकफाइल (बांधणीच्या आज्ञांची फाइल), चेंजलॉग, कॉपीराइट, नवी आवृत्ती शोधणारी वॉच फाइल, आणि पॅचेस, म्हणजे मूळ कोडवरचे आपले बदल, ठेवायचा फोल्डर. अनाथ पॅकेज हाती आलं की डेबहेल्परची कॉम्पॅट पातळी (त्याच्या कुठल्या पिढीप्रमाणे चालायचं ते) १३ वर आणावी, पण नव्या आवृत्तीच्या अपलोडसोबत नव्हे. दोन्ही एकदम केलं आणि काही मोडलं तर कशामुळे मोडलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

नवी आवृत्ती आली की यूस्कॅन हा प्रोग्रॅम टारबॉल, म्हणजे मूळ कोडचा गठ्ठा, उतरवतो. वॉच फाइलमध्ये तशी सोय आणि फोल्डरात अपस्ट्रीमची किल्ली असेल तर सहीही तपासतो. मात्र अपस्ट्रीमने घर बदललं असेल तर यूस्कॅन जुन्या पत्त्यावरची जुनी फाइल बघून सगळं अद्ययावत असल्याचं सांगत राहतो. अनाथ पॅकेजात हे हटकून तपासा.

यानंतरची पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात: जुन्या आणि नव्या टारबॉलमधला फरक वाचणं. हो, सगळा. लायसन्स बदललं का, दुसऱ्याच्या कोडचा नवा फोल्डर घुसला का, नवी बिल्ड-डिपेंडन्सी आली का हे तिथेच दिसतं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलेली एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनाची भानगड इथे आठवावी. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांचं मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) सुरू करणारी एम४ फाइल, म्हणजे बांधणीच्या तयारीतली एक फाइल, गिट रेपॉझिटरीत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. मुख्य माल चाचण्यांच्या बायनरी फाइलींत दडवला होता. म्हणून गिटमधला टॅग आणि टारबॉल यांची तुलनाही करा. ऑटोटूल्स या बांधणीच्या साधनांनी तयार केलेल्या फाइलींमुळे फरक लांबलचक दिसतो, आणि लपवणाऱ्याला तेच हवं असतं. डेबहेल्पर कॉन्फिगर फाइल बांधतेवेळी नव्याने तयार करतो, पण टारबॉलमधली एम४ फाइल त्यातही वापरली जाऊ शकते, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट. त्या मागच्या दाराचं लक्ष्य असलेला ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन देणारा प्रोग्रॅम) स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) सूचना देण्यासाठी काही डिस्ट्रोंनी लावलेल्या पॅचमुळे ती आडवाटेने आत आली होती. पॅचेस फोल्डरातला प्रत्येक पॅच म्हणजे अपस्ट्रीमने न तपासलेला, तुमच्या नावावरचा कोड. याचं सगळ्यात कडू उदाहरण डेबियनचंच आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीवर व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं साधन तक्रार करत होतं, ती थांबवण्यासाठी पॅचमधून दोन ओळी गाळल्या गेल्या. त्यातली एक यादृच्छिक आकड्यांच्या साठ्यात एंट्रॉपी, म्हणजे अनिश्चितता, मिसळणारी होती. परिणामी उरली ती फक्त प्रोसेसच्या क्रमांकाची विविधता, म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास किल्ल्या. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या.

म्हणून दत्तक पॅकेजातले जुने पॅच एकेक करून उघडा. प्रत्येकाच्या डोक्यावर चार ओळी हव्यात: तो का आहे, कुणी लिहिला, अपस्ट्रीमला पाठवला का, आणि कुठल्या बगसाठी. हे सांगता येत नसेल तर पॅच काढून बांधून बघा; बऱ्याचदा अपस्ट्रीमने तो दोष कधीच दुरुस्त केलेला असतो. नव्या आवृत्तीवर क्विल्ट, म्हणजे पॅच लावणारा प्रोग्रॅम, पॅच 'थोडा सरकवून' लागला असं म्हणाला तर ती जागा डोळ्यांनी बघा. सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच फंक्शनमध्ये तो बसलेला असू शकतो.

बिल्ड आपल्या नेहमीच्या मशीनवर कधीही नको, एसबिल्ड या साधनाच्या स्वच्छ वातावरणात करा. तुमच्याकडे दहा डेव्हलपमेंट लायब्रऱ्या आधीच बसवलेल्या असतात, त्यामुळे बिल्ड-डिपेंड्समध्ये राहून गेलेलं नाव कळतच नाही. डेबियनच्या बिल्ड सर्व्हरवर मात्र ते पहिल्या मिनिटात पडतं. बिल्ड सर्व्हरवर इंटरनेट गृहीत धरता येत नाही, म्हणून नेटवरून काही उतरवणाऱ्या चाचण्या तिथे नापास होतात. बाकी नेहमीचे गुन्हेगार म्हणजे ३२-बिटवर पूर्णांक ओसंडणं, एस३९०एक्ससारख्या बिग-एंडियन मशीनवर उलटे वाचले जाणारे बाइट, आणि आजची तारीख गृहीत धरणाऱ्या चाचण्या. अशी चाचणी सरसकट बंद करण्याचा मोह होतो. आधी तिने काय पकडलंय ते बघा, कारण बिग-एंडियनवर पडलेली चाचणी पुष्कळदा खरा दोष दाखवत असते.

मग लिंटियन, म्हणजे पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन. त्याच्या चुका दुरुस्त करा, इशारे वाचा, आणि बारीकसारीक सूचनांसाठी जीव काढू नका. पायपार्ट्स मात्र चालवाच. तो पॅकेज बसवतो, अद्ययावत करतो, काढतो आणि मागे काय कचरा राहिला ते सांगतो. तिथे नवख्यांची नेहमीची चूक उघडी पडते. एका पॅकेजमधली फाइल दुसऱ्यात हलवली आणि नव्या पॅकेजात 'ब्रेक्स' व 'रिप्लेसेस' या दोन नोंदी जुन्या आवृत्तीच्या मर्यादेसह घातल्या नाहीत, तर अपग्रेड करताना डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या पॅकेजची फाइल ओव्हरराइट करायला नकार देतो आणि वापरकर्त्याचं अपग्रेड अर्ध्यात अडकतं. नव्याने बसवताना हा दोष दिसत नाही, त्यामुळे अपग्रेड वेगळं तपासावंच लागतं.

आवृत्तीच्या क्रमांकाबाबत दोनच गोष्टी. २.० च्या आधीची चाचणी आवृत्ती '२.०~आरसी१' अशी लिहायची, कारण लाटेचं चिन्ह क्रमवारीत सगळ्यांच्या आधी येतं. लाट विसरलात तर आरसी१ ही खऱ्या २.० पेक्षा नवी ठरते. त्यातून सुटायला लोक 'इपॉक' लावतात, म्हणजे क्रमांकाआधी '१:'. तो एकदा लागला की जन्मभर काढता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाण्याआधी इतरांना विचारा.

चेंजलॉगमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. प्रायोजक आधी तेच वाचतो. वरची 'अनरिलीज्ड' ही खूण बदलून 'अनस्टेबल' (नवे अपलोड आधी जातात ती शाखा) करायला विसरलात तर अपलोड नाकारलं जातं. अपलोड फक्त सोर्सचं करा, कारण सर्व्हरने न बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत, जात नाही. मध्यम निकडीचं पॅकेज साधारण ५ दिवसांनी तिकडे सरकतं, कमी निकडीला १०, तातडीचं असेल तर २. मधल्या काळात कुणी गंभीर बग नोंदवला तर ते तिथेच अडकतं. त्या दिवसांत ट्रॅकरचं पान बघत राहणं हेही कामच आहे. अपलोड करून सुट्टीवर जाऊ नये.

स्टेबलचा, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या स्थिर आवृत्तीचा, हिशेब वेगळा. तिथे सुरक्षेचा दोष निघाला म्हणून नवी आवृत्ती चढवत नाहीत. दुरुस्तीचा तेवढाच पॅच जुन्या कोडवर बसवायचा. मधल्या काळात फंक्शनची नावं बदललेली असतात, आणि मग पाच ओळींच्या पॅचला दोन दिवस लागतात.

राहता राहिले बग. अनाथ पॅकेजावर अनेक वर्षांचे साचलेले असतात. जुन्यापासून सुरू करा: सध्याच्या आवृत्तीत दोष होतो का ते करून बघा, होत नसेल तर कुठल्या आवृत्तीत सुटला ते नमूद करून बंद करा, माहिती अपुरी असेल तर 'मोअरइन्फो' खूण लावून नेमका एकच प्रश्न विचारा. मूळ कोडचा दोष असेल तर अपस्ट्रीमकडे तुम्हीच नोंदवा आणि दोन्ही नोंदी जोडा. वापरकर्त्याला 'तिकडे जाऊन सांगा' म्हणणं चुकीचं नाही, पण मग मधल्या माणसाचं काम केलं कुणी?

वेळ मिळेनासा झाला तर महिनोन्महिने गप्प राहण्यापेक्षा 'आरएफए' नोंदवा. कुणी आलं नाही तर 'ओ' करा आणि मेंटेनरच्या जागी डेबियन क्यूए (दर्जा सांभाळणाऱ्या) गटाचं नाव लावा. त्याआधी रीडमी-डॉट-सोर्स फाइलमध्ये टारबॉलमधून काय गाळावं लागतं, कुठली चाचणी कुठल्या मशीनवर अधूनमधून पडते, आणि अपस्ट्रीमशी कुठला पॅच अजून वादात आहे, एवढं लिहून ठेवा. पुढचा माणूस हीच फाइल आधी उघडणार आहे.