फ्लोरिडात कुंपण घालताय? आधी वाऱ्याचं बघा

२०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ येऊन गेलं आणि आमच्या टॅम्पाच्या गल्लीतली व्हायनलची (म्हणजे प्लास्टिकची) बंदिस्त कुंपणं पार आडवी झाली, जाळीची मात्र जशीच्या तशी, कारण वारा आरपार जातो. ६ फुटी सलग भिंत म्हणजे शीडच की हो, त्यात वेग दुप्पट झाला की दाब चौपट!

प्रायव्हसी पण हवीच होती (बायकोला, मला काय), मग शॅडोबॉक्स घेतलं, म्हणजे आडपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक फळ्या, समोरून आतलं दिसत नाही पण फटीतून हवा निघून जाते. अ‍ॅल्युमिनियम भारी, पण खिसा बघावा लागतो ना.

खरा पैसा खांबांवर घाला. इथली जमीन नुसती वाळू, २ फुटी खड्डा म्हणजे थट्टाच, आम्ही ३ फूट खाली काँक्रीट भरायला लावलं आणि खांब ८ ऐवजी ६ फुटांवर, कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, कुरकुरू दे. खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर निदान गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले), खाऱ्या हवेत साधे पटकन गंजतात.

परमिट, एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) परवानगी वगैरे आधीच. आणि खोदायच्या आधी ८११ ला फोन कराच, फुकटात गॅस-केबलच्या लायनी मार्क करून जातात.