'अबाउट टाइम': संकोची माणसांचा कालप्रवास

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या प्लिमथ शहरात मी राहते. इथून टेमर नदीवरचा, १८५९ साली खुला झालेला, अभियंता ब्रुनेल यांचा रेल्वेपूल ओलांडला की कॉर्नवॉल हा परगणा सुरू होतो. २०१३ साली प्रदर्शित झालेला 'अबाउट टाइम' हा चित्रपट याच कॉर्नवॉलमध्ये आणि लंडनमध्ये घडतो. ब्रिटिश माणसांचा विनोद नेमका कसा असतो, असे घरून कोणी विचारले की मी हा चित्रपट पाहायला सांगते. त्याचे लेखक-दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस यांचे नाव महाराष्ट्रात फारसे परिचित नसेल, परंतु रोवन अ‍ॅटकिन्सन यांच्यासह 'मिस्टर बीन' घडवणाऱ्यांमध्ये ते होते, आणि मिस्टर बीन पाहून न हसलेले मराठी घर विरळाच. मात्र बीनचा विनोद शब्दांवाचून चालतो, म्हणूनच तो जगभर पोहोचला. 'अबाउट टाइम'मधला विनोद माणसांच्या बोलण्यात, आणि त्याहून अधिक त्यांच्या न बोलण्यात आहे. तो समजायला मला इथल्या माणसांमध्ये काही काळ राहावे लागले.

कथेचा पाया अगदी साधा आहे. टिम नावाच्या तरुणाला एकविसाव्या वर्षी त्याचे वडील सांगतात की आपल्या घराण्यातील पुरुषांना भूतकाळात जाता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही. अंधाऱ्या जागी उभे राहायचे, मुठी आवळायच्या आणि ज्या क्षणी जायचे तो क्षण मनात आणायचा. भविष्यात जाता येत नाही आणि आपल्या स्वतःच्या आयुष्याबाहेरही जाता येत नाही. हे ऐकून टिम घरातल्या कपड्यांच्या कपाटात शिरतो. युद्धे थांबवणारे आणि जग वाचवणारे कालप्रवासी आपण अनेक पाहिले आहेत. हा मुलगा आपला पहिला कालप्रवास खर्च करतो तो आदल्या रात्रीचा एक अवघडलेला क्षण दुरुस्त करण्यासाठी. नववर्षाच्या मेजवानीत बाराच्या ठोक्याला शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे चुंबन घेण्याऐवजी त्याने तिच्याशी हस्तांदोलन केलेले असते, आणि तिचा चेहरा पडलेला असतो.

या चित्रपटातल्या विनोदाचे मूळ मला इथेच दिसते. इंग्रज माणूस चारचौघांत अवघडण्याला जितका घाबरतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाला घाबरत असेल. दाराशी दोघे एकाच वेळी पोहोचले, तर आधी कोणी आत जायचे यावर दोघेही क्षमा मागत उभे राहतात. बसमध्ये दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला, तरी क्षमा आपणच मागतो. अशा समाजातल्या लेखकाला कालप्रवासाची कल्पना सुचली, तर बोललेले वाक्य मागे घेता यावे आणि न बोललेले बोलता यावे, हीच त्याची सर्वांत मोठी इच्छा असणार. कर्टिस या इच्छेकडे तुच्छतेने पाहत नाहीत. डोमनॉल ग्लीसन हा आयरिश अभिनेता टिमचे अवघडलेपण इतके मनापासून साकारतो की आपण त्याच्या फजितीला हसतो तेव्हाही त्याच्याच बाजूला उभे असतो.

कालप्रवासाने काय साधते आणि काय साधत नाही, हे चित्रपट लवकरच दाखवून देतो. उन्हाळ्यात घरी राहायला आलेल्या शार्लट नावाच्या देखण्या मुलीला टिम शेवटच्या रात्री आपले मन सांगतो. ती म्हणते, तू हे आधी सांगायला हवे होतेस. तो मागे जाऊन आधी सांगतो, तेव्हा ती म्हणते, शेवटच्या रात्री विचारून पाहा. दोन्ही वेळा नकारच आहे आणि दोन्ही वेळा तो अतिशय गोड शब्दांत दिलेला आहे. नकार देणाऱ्यानेच समोरच्याचा मान राखण्याची काळजी वाहायची, ही इथली रीत या छोट्या प्रसंगात नेमकी उतरली आहे. पुढे लंडनमध्ये, पूर्ण काळोखात जेवण वाढणाऱ्या एका उपाहारगृहात टिमची मेरीशी भेट होते. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. ओळख होते ती केवळ बोलण्यातून. विनोदावर विश्वास असलेल्या लेखकालाच नायक-नायिकेची पहिली भेट अशी अंधारात घडवण्याचे धाडस होईल.

तरीही माझ्या मते चित्रपटाचा प्राण प्रेमकथेत नाही, तो वडील आणि मुलाच्या नात्यात आहे. बिल नाय यांनी साकारलेले वडील विद्यापीठात शिकवत असत, आणि पन्नासाव्या वाढदिवशी ते काम सोडून घरी राहिले. तेव्हापासून मुलाशी निवांत गप्पा मारायला आणि टेबल टेनिस खेळायला ते सदैव मोकळे आहेत. टिम आणि मेरीच्या लग्नाच्या मेजवानीत ते भाषणाला उभे राहतात. आयुष्यात आपण तीनच पुरुषांवर प्रेम केले, असे ते सांगतात. स्वतःचे वडील फार थंड स्वभावाचे होते, त्यामुळे ते त्यात बसत नाहीत. मग उरतात टिमचे डेस्मंडमामा, अमेरिकी ब्लूज गायक बी. बी. किंग, आणि समोर बसलेला हा मुलगा. सगळे पाहुणे हसतात. बिल नाय हे सारे काही विशेष न घडल्यासारखे सांगतात, आणि त्या हशाच्या आडून वडिलांनी मुलाला आयुष्यातले सर्वांत मोठे वाक्य सांगून टाकलेले असते. ते थेट म्हटले असते, तर त्यांनाही पेलले नसते आणि मुलालाही, यादीत बी. बी. किंग आल्यामुळे ते म्हणता आले.

असे भाषण मी प्रत्यक्षातही ऐकले आहे. आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या बाईंनी त्यांच्या कर्तृत्वाबद्दल जवळजवळ काहीच सांगितले नाही. भर थंडीत खिडकी उघडी ठेवण्याच्या त्यांच्या सवयीवर त्या बराच वेळ बोलल्या, आणि आता ती खिडकी कोण उघडणार, असे विचारून खाली बसल्या. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. आपल्याकडेही वडील मुलाला प्रेमाचे शब्द सहसा बोलून दाखवत नाहीत. ते गाडी वेळेवर मिळाली का, जेवलास का, पैसे पुरतील ना, असे विचारतात, आणि मुलाला जे समजायचे ते समजते. इथले वडील काळजीच्या जागी थट्टा ठेवतात. हे लक्षात आल्यापासून इथे कोणी माझी थट्टा केली, की मला आपण त्यांच्यातले झाल्यासारखे वाटते.

या विनोदाची कडवट बाजूही चित्रपटात आहे. टॉम हॉलंडर यांनी रंगवलेला नाटककार हॅरी सर्वांशी तुसडेपणाने बोलतो, स्वतःच्या अपयशाच्या भीतीने ग्रासलेला आहे, आणि तरीही तो टिमला आपल्या घरात ठेवून घेतो. त्याच्या नाटकातल्या नटांच्या छोट्या भूमिकांत रिचर्ड ग्रिफिथ्स आणि रिचर्ड ई. ग्रँट दिसतात. ग्रिफिथ्स यांचे मार्च २०१३ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, निधन झाले. त्यामुळे न्यायालयातल्या नाट्यप्रवेशात संवाद विसरलेल्या नटांचा तो गमतीदार प्रसंग पाहताना आता मन थोडे हळवे होते.

लग्नाचा प्रसंग ज्या चर्चमध्ये चित्रित झाला, ते सेंट मायकल पेनकिव्हिल कॉर्नवॉलमध्येच आहे. वधूने लाल पोशाख घातला आहे, जिमी फोंताना यांचे 'इल मोंदो' हे इटालियन गाणे सुरू आहे, आणि बाहेर असा वादळी पाऊस कोसळतो की पाहुण्यांच्या टोप्या उडतात आणि मेजवानीचा मंडपही टिकत नाही. टिम हा दिवस मागे जाऊन बदलू शकला असता. याहून कोरडा दिवस निवडायला हवा होता का, असे तो मेरीला विचारतो, आणि तिला तसे मुळीच वाटत नाही. कॉर्नवॉलचा नैर्ऋत्येकडून येणारा वारा ज्याने अनुभवला आहे, त्याला या प्रसंगात अतिशयोक्ती वाटणार नाही. टिमचे कुटुंब रोज समुद्रकिनाऱ्यावर चहा घेते आणि शुक्रवारी घराबाहेर पडदा लावून चित्रपट पाहते, हवा कशीही असो. अंगावर रेनकोट घालून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने वाळूत बसलेली अशी कुटुंबे मी इथे अनेकदा पाहिली आहेत, आणि त्यांच्या त्या हट्टी आनंदावर माझे प्रेम आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती मोठी आहे. ही शक्ती फक्त पुरुषांना मिळते, आणि टिम ती मेरीपासून लपवून ठेवतो. ज्या पहिल्या भेटी तिला सहज घडल्यासारख्या वाटतात, त्या त्याने सुधारून घेतलेल्या असतात, हे तिला कधीच कळत नाही. रेचल मॅकअ‍ॅडम्स यांनी मेरीला एवढे प्रसन्न आणि सजीव केले आहे की तिला सत्य कळायला हवे होते, असे प्रत्येक वेळी वाटते. बहीण किट कॅटच्या अपघातानंतर कर्टिस स्वतःच आपले नियम कठोर करतात: तो अपघात टळावा म्हणून टिम मागे जातो, परत येतो, आणि पाळण्यात त्याच्या मुलीऐवजी कोणी दुसरेच बाळ असते. त्या क्षणी चित्रपटातला विनोद पूर्ण थांबतो, आणि तो थांबवण्याइतके भान लेखकाला आहे याचा मला आदर वाटतो.

वडिलांचा आजार कळल्यानंतर ते मुलाला आपली एक युक्ती देतात. प्रत्येक दिवस आधी जसा येईल तसा जगायचा, आणि मग तोच दिवस जवळजवळ काहीही न बदलता पुन्हा जगायचा. टिम वकील आहे. पहिल्या खेपेला न्यायालयाची धावपळ, वरिष्ठांचे रागावणे, दुकानात घाईने घेतलेले सँडविच यात दिवस निघून जातो. दुसऱ्या खेपेला खटला तोच, वरिष्ठही तेच आणि दुकानातली मुलगीही तीच. या वेळी टिम तिच्याकडे पाहून हसतो, आणि बोलणी खात असलेल्या सहकारी रॉरीला हळूच हसवतो. पुढे कधीतरी दुसरी खेप करणेच तो सोडून देतो, कारण रॉरीला हसवायला त्याला पहिली खेप पुरू लागते.