पद्मिनीच्या गिअर लिंकेजचे रबरी बूट

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे असून गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर या दांडीला एवढी ढिलाई आली, की गिअर बदलताना हात आधी रिकामाच फिरायचा. दोन गॅरेजांनी गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला दिला. दोष मात्र गिअरबॉक्समध्ये नव्हताच.

या रचनेत हाताची हालचाल खांबालगतच्या लांब शाफ्टमधून खाली येते आणि तेथून तरफा व सळ्यांमार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. वाटेतल्या प्रत्येक सांध्यातली किंचितशी झीज एकमेकींत मिळत जाते आणि दांडीच्या टोकाशी ती कितीतरी मोठी होऊन हाताला जाणवते. माझ्या गाडीच्या सळ्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट (सांधा झाकणारी रबरी आवरणे) चिरून गळून पडले होते. बूट गेला, की ग्रीसमध्ये धूळ आणि पाणी मिसळून सांधा घासणारी लापशी तयार होते. बाहेरून तो ग्रीसने भरलेला दिसतो आणि आतून झिजत राहतो.

नवे बूट नाना पेठेत मिळाले. पहिला जोड अगदी स्वस्त होता आणि त्याला तीन महिन्यांतच भेगा पडल्या. त्यात माझीही चूक होती, कारण मी घरातले साधे खनिज तेलाचे ग्रीस भरले होते आणि नैसर्गिक रबर अशा तेलाने फुगून मऊ पडते. दुसऱ्या वेळी तेलाला टिकणारे नायट्राइल रबराचे बूट मागून घेतले. निवडताना बुटाचे अरुंद तोंड सळीच्या जाडीपेक्षा थोडे लहान हवे. ते सैल असेल तर कितीही घट्ट तार बांधली तरी पाणी आत जातेच.

सळी सोडवण्यापूर्वी लॉकनटच्या (सळीची लांबी पक्की धरणाऱ्या नटच्या) बाहेर किती आटे दिसतात, ते मोजून लिहून ठेवले. ती लांबी बदलली, तर सांधे नवे असूनही गिअर नीट बसत नाहीत. सगळे भाग रॉकेलने धुऊन कोरडे केले, पिन बोटांनी हलवून पाहिली आणि एक झिजलेला बूश (पिनेभोवतीची छोटी नळी) बदलला, कारण ढिल्या सांध्यावर नवा बूट चढवणे म्हणजे घाणीवर झाकण ठेवणे होय. बूट गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवल्यावर मऊ झाला. साबणाचे पाणी लावून तो सळीवर सरकवला आणि रुंद कड चमच्याच्या बोथट दांड्याने खाचेत बसवली. स्क्रूड्रायव्हरने मी आधीच एक बूट फाडून घेतला होता. आणखी एक फजिती सांगायलाच हवी: एका सांध्याला बूट घालायचा विसरून मी सळी जोडून मोकळा झालो होतो, त्यामुळे ती सगळी पुन्हा सोडावी लागली.

ग्रीस ठासून भरले नाही, कारण बूट दबताना त्याला आत जागा लागते. शेवटी इंजिन बंद ठेवून दुसऱ्या माणसाला चारही गिअर आणि रिव्हर्स टाकायला सांगितले व मी खाली झोपून बूट कोठे ताणला जातो का, ते पाहिले. रिव्हर्सला एक बूट ताणला जात होता. त्याची तार सोडून तो दोन मिलिमीटर मागे सरकवला. आता दांडी हलवताच गिअर लागतो. बायकोला तो थोडा जड वाटतो. पण ती गाडी चालवायला शिकली तीच या ढिल्या दांडीवर.