दहा हॉर्सपॉवरच्या बग्गीतून वेग काढताना : सीव्हीटी, गिअरबॉक्स आणि टायरची हवा

बाहा ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत रस्त्यावर पळणाऱ्या बग्ग्यांची स्पर्धा. तिच्या बग्गीत इंजिनाला हात लावता येत नाही. आम्ही ज्या नियमांखाली गाडी बांधली त्यात सगळ्या टीमना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकच इंजिन होतं : एक सिलिंडर, ३०५ सीसी, हवेनं थंड होणारं, नावाला दहा हॉर्सपॉवरचं. गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) ३८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३८०० फेऱ्यांना, बांधलेला आणि वर सील. पिस्टन, कॅम, जेट यांतलं काहीही बदलायचं नाही. त्यामुळे ‘परफॉर्मन्स वाढवणं’ म्हणजे इंजिनातून जेवढं निघतं तेवढं चाकापर्यंत पोचवणं, आणि इंजिनाला ते ज्या आरपीएमवर सगळ्यात जास्त ताकद देतं तिथेच धरून ठेवणं. गाडी बांधून झाल्यावर स्पर्धेसाठी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला जाईपर्यंत आमचे सगळे दिवस याच दोन कामांत गेले. ट्रान्समिशन माझ्याकडे होतं, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी गणित. टायर २३ इंची, पण बसलेल्या टायरची प्रत्यक्ष त्रिज्या साधारण ०.२८ मीटर धरावी. सीव्हीटी म्हणजे दोन पुली आणि एका पट्ट्याचं, गुणोत्तर आपोआप बदलणारं ट्रान्समिशन. तिचं गुणोत्तर ३.९ पासून ०.९ पर्यंत जातं. मागचा गिअरबॉक्स दोन टप्प्यांचा, ८ ला १. इंजिन ३६०० वर आणि सीव्हीटी पूर्ण वर गेलेली असताना चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं, म्हणजे ताशी सुमारे ५३ किलोमीटर. सुरुवातीला एकूण गुणोत्तर ३१.२. इंजिनाचा टॉर्क १८ न्यूटन-मीटर आणि एकूण कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर चाकावर साधारण ४५० न्यूटन-मीटर आणि जमिनीवर १६०० न्यूटनचा रेटा मिळतो. चालकासह गाडी २३० किलोची. मुरमावर एवढा रेटा मागची चाकं फिरवायला पुरतो. म्हणून गिअर आणखी खाली घ्यायची गरज नव्हती. तसं केलं असतं तर चढावर चाकं जागच्या जागी फिरली असती आणि सपाटीवर वरचा वेग गेला असता. पूर्वी बऱ्याच टीम तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स लावायच्या. तो दणकट असतो आणि सुट्टे भाग कुठेही मिळतात, पण जड असतो आणि प्रत्येक गिअर बदलताना रेटा तुटतो. एवढ्याशा इंजिनाला ते तुटणं परवडत नाही.

सीव्हीटी जुळवायची तर आधी ती काय करते आहे ते दिसलं पाहिजे. कानानं आरपीएम ओळखणारे मेकॅनिक असतात, पण ३४०० आणि ३७०० मधला फरक हेल्मेट घालून कुणालाच कळत नाही. आम्ही प्रायमरी (इंजिनाकडची) आणि सेकंडरी (गिअरबॉक्सकडची), दोन्ही पुलींवर एकेक चुंबक चिकटवलं, समोर चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर बसवले आणि आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवरून मेमरी कार्डवर नोंद घेतली. चुंबक इपॉक्सीनं चिकटवायचं आणि समतोलासाठी बरोबर समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा तुकडा लावायचा. फेव्हिक्विकनं लावलेलं पहिलं चुंबक पाचव्या मिनिटाला उडून सीव्हीटीच्या गार्डवर (झाकणावर) आदळलं. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर वापरणार असाल तर त्याचं सेटिंग ‘फेऱ्याला एक स्पार्क’ असं ठेवा. हे इंजिन फोर-स्ट्रोक असलं तरी फ्लायव्हीलवरचं मॅग्नेटो प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतं. दोन फेऱ्यांना एक असं सेटिंग राहिलं तर आकडा दुप्पट दिसतो.

नोंदीवरून एकच आलेख काढायचा : आडव्या अक्षावर सेकंडरीचे फेरे, उभ्यावर इंजिनाचे. जुळलेल्या सीव्हीटीत रेघ आधी तिरकी वर जाते, ३५००–३६०० ला पोचली की जवळजवळ आडवी होते आणि गुणोत्तर संपल्यावर पुन्हा तिरकी चढते. ती आडवी रेघ म्हणजेच सगळी कमाई. आमची पहिली रेघ ३१०० वरच वाकली होती. म्हणजे प्रायमरी पुली लवकर बंद होत होती (तिच्या दोन बाजू जवळ येऊन पट्टा वर सरकत होता, गुणोत्तर बदलत होतं) आणि ओझ्याखाली इंजिन दमत होतं. उलट रेघ ३८०० ला जाऊन भिडली तर गव्हर्नर थ्रॉटल मिटायला लागतो. आवाज जोरदार येतो, चालकाला गाडी पळते आहे असं वाटतं, पण ताकद कमी झालेली असते.

हातात चार गोष्टी असतात. प्रायमरीत फेरे वाढले की बाहेर फेकले जाऊन पुली बंद करणारे हात असतात; त्यांची वजनं वाढवली की पुली लवकर बंद होते आणि आरपीएम खाली येतो. प्रायमरीची स्प्रिंग कडक केली की पट्टा उशिरा पकडतो. सेकंडरीच्या स्प्रिंगला पीळ वाढवला की वर जायला विरोध वाढतो, आरपीएम वर राहतो आणि चढ आल्यावर गुणोत्तर पटकन खाली येतं. सेकंडरीतल्या हेलिक्सचा (तिरक्या उताराचा) कोन कमी केला तरी परिणाम त्याच दिशेचा, फक्त तो टॉर्क येईल तसा वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आम्ही दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पूर्ण दिवस वाया गेला. वजन आणि पीळ एकत्र बदलले की आरपीएम तोच राहू शकतो, पण गाडीचं वागणं बदलतं आणि का बदललं ते शोधता येत नाही.

वजनं आम्ही सोनाराच्या काट्यावर मोजली. तिन्ही हातांची वजनं ०.१ ग्रॅमच्या आत सारखी हवीत, नाहीतर पुली वाकडी बंद होते आणि बुश एका बाजूनं झिजतं. प्रत्येक हाताचं वजन ५ ग्रॅमनं कमी करायचं, सपाट मुरमावर ३० मीटर तीनदा पळवायचं आणि आलेख पाहायचा. दोन पायऱ्यांत रेघ ३५५० वर आली. ३० मीटरची वेळ ५.२ सेकंदांवरून ४.६ वर आली. तेवढ्यावर थांबलो असतो तर चढावर फसलो असतो. सपाटीवरून पूर्ण थ्रॉटलवर खाणीच्या चढाला लागलो की आरपीएम २९०० पर्यंत बसत होता, कारण गुणोत्तर परत खाली यायला वेळ लागत होता. मग सेकंडरीच्या स्प्रिंगचं टोक एक भोक पुढे अडकवून पीळ वाढवला. आता सपाटीवर आरपीएम ३७०० झाला, तो वजनं पुन्हा थोडी वाढवून ३५५० वर आणला. आधी पीळ चढासाठी ठरवायचा आणि वजनांनी आरपीएम जागेवर आणायचा, हा क्रम आम्हाला उलट्या बाजूनं सापडला.

पकड कुठे लागावी याचा वेगळा विचार करावा लागतो. आयडल १७५० च्या आसपास असतं, त्यामुळे पट्टा २००० ते २२०० ला पकडावा. त्याहून खाली पकडला तर गाडी ब्रेकवर उभी असतानाही ओढते आणि पट्टा घासत राहतो. फार वर नेला तर सुटताना झटका बसतो आणि पट्टा घसरून जळका वास येतो. हे स्प्रिंगइतकंच दोन पुलींमधल्या अंतरावरही अवलंबून असतं. सीव्हीटी बनवणाऱ्यानं दिलेलं अंतर मिलिमीटरभरही चुकवू नका. इंजिनाच्या पायाला लांबट भोकं ठेवली तर हे जुळवता येतं, मात्र मग बोल्ट सरकू नयेत म्हणून मागे टेकू देणारा जॅक-बोल्ट हवा.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. चाक दगडात अडकलं आणि चालकानं थ्रॉटल सोडलं नाही, तर सेकंडरी उभी राहते आणि प्रायमरी त्याच जागी पट्टा घासत राहते. तीन-चार सेकंदांत तिथे खड्डा पडतो. पट्टा काढून बोटांत धरून फिरवला की एका ठिकाणी रुंदी कमी झालेली हाताला लागते, कडेला काच लावल्यासारखी चकाकी दिसते. त्यानंतर गाडी हळू चालवताना प्रत्येक फेऱ्याला टप्-टप् जाणवतं. असा पट्टा दुरुस्त होत नाही. चालकाला आम्ही एवढंच पक्कं सांगितलं होतं : गाडी हलली नाही तर दोन सेकंदांत पाय उचल. नवा पट्टा साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवायचा आणि पहिली १५–२० मिनिटं पूर्ण थ्रॉटल न देता चालवायचा. पुलीच्या उतरत्या पृष्ठभागावर ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० चा एक थेंबही नको. काळी पूड साचली की स्कॉच-ब्राइट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. बुशही कोरडंच ठेवायचं, कारण ग्रीसला पट्ट्याची धूळ चिकटते, वजनांचे हात अडकतात आणि पुली उघडतच नाही. गाडी थांबल्यावर पुन्हा निघत नसेल तर आधी हेच तपासा.

गार्डमध्ये हवा येण्याची वाट ठेवली नाही तर दहा मिनिटांत आतलं तापमान वाढतं. इन्फ्रारेड थर्मामीटरनं सेकंडरीचा दर्शनी पृष्ठभाग मोजायचा. ९० अंशांवर गेला की आम्ही थांबायचो. पुढून हवा आत घेणारी नळी वर वळवली आणि बाहेर जाणारी मागे खाली तोंड करून लावली, म्हणजे चिखलाचं पाणी आत शिरत नाही.

गिअरबॉक्समध्ये आमची चूक तेलाची होती. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं. प्रत्यक्षात खालच्या गिअरचे दात दोन-तीन दातांच्या उंचीएवढे बुडले की पुरे. त्याहून जास्त असेल तर तेल घुसळण्यातच ताकद जाते आणि तेल तापतं. शिवाय ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) नसेल तर तापलेली हवा ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. सील दोनदा बदलूनही गळती थांबली नव्हती. ६ मिलिमीटरची नळी वर रोलकेजपर्यंत नेल्यावर ती त्याच दिवशी थांबली. ड्रेन प्लगला चुंबक लावा. पहिल्या तासानंतर त्यावर बारीक राखाडी लेप येणं ठीक आहे, पण चमकणारा तुकडा दिसला तर बॉक्स उघडलाच पाहिजे.

घर्षण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा गाडीला अडकवायचा, चालक आत बसवायचा, सपाटीवर सीव्हीटीचा पट्टा काढून हळू ओढायचं. आमचा काटा मुरमावर १३ किलो दाखवत होता. चाकं उचलून हातानं फिरवली तर एक जड. ब्रेकच्या कॅलिपरचा पिस्टन धुळीनं अडकून पॅड डिस्कला घासत होता. साफ केल्यावर काटा ११ वर आला. दोन किलो म्हणजे सुमारे २० न्यूटन. सेकंदाला १२ मीटर वेगाला ते २४० वॉट होतात, जवळजवळ एक तृतीयांश हॉर्सपॉवर. एवढी ताकद इंजिनातून काढायला नियम परवानगीच देत नाहीत, आणि इथे ती एका कॅलिपरमध्ये अडकली होती.

टायरच्या हवेसाठी ० ते १५ पीएसआयचा गेज घ्या. पंपावरच्या मोठ्या गेजवर ७ आणि १० मधला फरक वाचताच येत नाही. मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, त्यामुळे वळताना गाडी सरळ जायला बघते. पुढे ७ आणि मागे १० ठेवल्यावर पुढचा टायर जास्त पकडतो, मागचा थोडा घसरतो आणि गाडी वळते. ६ च्या खाली गेलात तर दगडावरून वळताना टायर रिमवरून उतरतो. पुढच्या चाकांना आम्ही थोडा टो-आउट दिला, म्हणजे त्यांची पुढची टोकं किंचित बाहेर वळवली. शॉक ॲब्सॉर्बरची हवा अशी ठेवली की चालक बसल्यावर त्याची चाल २५ ते ३० टक्के दबते. बंप-स्टीअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) मात्र फळी आणि पट्टीनं मोजा : शॉक काढून चाक वर-खाली करा आणि चाकाला बांधलेली फळी किती फिरते ते पाहा. स्टीअरिंगच्या टाय-रॉडचं टोक ८ मिलिमीटर खाली घेतल्यावर आमचं फिरणं जवळपास थांबलं.

ब्रेकमध्ये जुळवाजुळव फार नाही, पण ब्रेक टेस्टला चारही चाकं एकत्र लॉक झाली नाहीत तर मैदानात उतरताच येत नाही. डॉट ४ ब्रेक ऑइलची बाटली ताजी फोडा, कारण उघडी राहिलेली हवेतलं पाणी ओढते. ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) नेहमी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं.

एका सिलिंडरच्या थरथरीनं सुटणार नाही असा बोल्ट नाही. निळं लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) बहुतेक जागी चालतात, सायलेन्सरजवळ नाही. तिथे नायलॉन वितळतं, म्हणून पूर्ण धातूचा लॉकनट लावायचा. घट्ट केल्यावर नट आणि पत्र्यावर एक सलग पेंटची रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे.

मुंबईच्या टीमना पिथमपूरला इंजिन थोडं दमलेलं वाटतं. साडेपाचशे मीटर उंचीवर हवा सुमारे पाच टक्के विरळ असते. पुणंही तेवढ्याच उंचीवर, म्हणून इथे ठरवलेली वजनं आम्हाला तिथे बदलावी लागली नाहीत. समुद्रकाठी जुळवलेल्या गाडीत मात्र रेघ खाली बसते. प्रत्येक हातातून दोन-तीन ग्रॅम काढायची तयारी ठेवून जावं.

चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीसाठी दोन जादा पट्टे नेले, दोन्ही आधी चालवून बसवलेले. प्रत्येकावर पांढऱ्या मार्करनं फिरण्याची दिशा आणि चाललेले तास लिहिले होते. सीव्हीटीच्या गार्डच्या आतल्या बाजूला वजनं, स्प्रिंगचा रंग आणि पिळाचं भोक लिहिलेली चिठ्ठी सेलोटेपखाली चिकटवली होती. चिखलाच्या हातांनी, पिटमध्ये, घाईत गार्ड उघडणाऱ्याला तीच आधी दिसते.