तुम्ही विचारलंत म्हणून: बिशपचा आशीर्वाद जास्त पॉवरफुल असतो का?

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता नवल वाटत नाही. मित्र विचारतात, कधी चर्चमधलीच माणसं हळूच विचारतात, की फादर दर रविवारी आशीर्वाद देतातच की, मग बिशप (म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चचे प्रमुख) आले की एवढी झुंबड कशाला, त्यांच्या हातात काही वेगळी पॉवर असते का? मी कॅथलिक आहे, थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. पॉवर जास्त नसते.

हे ऐकून लोक हिरमुसतात. पण बघा, बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, गणना नावाचं पुस्तक आहे, त्याच्या 6व्या अध्यायात अहरोन (मोशेचा भाऊ, याजक म्हणजे धर्मगुरू) आणि त्याच्या मुलांनी लोकांना आशीर्वाद द्यायचा तो कोणत्या शब्दांत द्यायचा ते नीट सांगितलंय, आणि सगळं सांगून झाल्यावर देव म्हणतो की तुम्ही माझं नाव त्यांच्यावर ठेवा, आशीर्वाद मी देईन. म्हणजे तोंड याजकाचं, देणारा देव. त्या हिशोबाने फादर काय नि बिशप काय, दोघंही पोस्टमनच (हे आमच्या फादरना सांगू नका).

मग फरक कुठे? बिशप या शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ देखरेख करणारा. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन परंपरेत असं मानतात की प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, ज्यांच्या डोक्यावर हात ठेवले त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर ठेवले आणि ती साखळी आजच्या बिशपपर्यंत येते. फादर आपली पॅरिश, म्हणजे एका चर्चची वस्ती, बघतो तो बिशपच्या वतीने. त्यामुळे बिशपने हात उचलला की आख्खा धर्मप्रांत, म्हणजे त्याच्या हाताखालचा सगळा भाग, त्या हातामागे असतो, आपल्या एका चर्चपुरतं ते राहत नाही. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत बिशपच नसतो, आणि त्यांचं काही अडलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

पुढच्या वेळी नीट बघा. फादर एकदाच क्रूसाची खूण करतो, बिशप तीनदा करतो, पित्याच्या नावाने, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या, एकदा डावीकडे, एकदा समोर, एकदा उजवीकडे, आणि डाव्या हातात ती मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी. ऑर्थोडॉक्स बिशप तर दोन्ही हातांत मेणबत्त्या घेऊन आशीर्वाद देतो, एका हातात तीन, पिता-पुत्र-आत्मा या त्रैक्यासाठी, दुसऱ्यात दोन, कारण ख्रिस्त देवही आणि माणूसही.

मला स्वतःला आठवतो तो दृढीकरणाचा (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा विधी) दिवस. बिशपचा अंगठा कपाळावर, ऑलिव्ह तेल आणि बाल्सम या सुगंधी राळेचा तो वास, तेल भुवईपर्यंत ओघळलेलं आणि पुसावं की नाही ते कळेना म्हणून मी तसाच उभा. ते तेल फक्त बिशपच पवित्र करू शकतो, वर्षातून एकदा, पवित्र आठवड्यात (ईस्टरआधीचा), आणि मग ते धर्मप्रांतातल्या प्रत्येक चर्चला जातं, बाप्तिस्म्यालाही तेच लावतात, त्यामुळे बिशप स्वतः न येताही वर्षभर प्रत्येक बाप्तिस्म्याला हजर असतो म्हणा ना. पूर्वी बिशप दृढीकरणाच्या वेळी गालावर हलकी चापटी पण मारायचे, 1971च्या नव्या विधीत ती गेली. मला वाटतं राहायला हवी होती.

पण बिशपचा आशीर्वाद म्हणजे काय हे मला खरं कळलं ते 13 मार्च 2013ला, टीव्हीवर. पोप फ्रान्सिस निवडून आले, बाल्कनीत आले, खाली चौकात गर्दी आशीर्वादाची वाट बघत उभी, आणि हे म्हणाले की बिशप लोकांना आशीर्वाद देईल त्याआधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा, देवाने मला आशीर्वाद द्यावा म्हणून. स्वतःला पोप नाही म्हणाले, बिशप म्हणाले, रोमचा बिशप. आणि मान खाली घालून उभे राहिले, तो एवढा मोठा चौक एकदम चिडीचूप. आशीर्वाद त्यानंतर.

दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो, आम्ही ख्रिश्चन नाही, आम्ही घेतला तर चालतो का? चालतो, चर्चच्या कायद्यातच तशी सोय आहे. काही बोलावं लागतं का, बिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यावं लागतं का, तर नाही, डोकं जरा खाली, आणि शेवटी आमेन म्हणालात तर उत्तम, नाही म्हणालात तरी बिशप काही हात मागे घेत नाहीत.