होणार

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला हाक मारून उठवलं. त्या कधीच असं उठवत नाहीत. माझी ड्युटी रात्रीची, घरी यायला दीड-दोन वाजतात, हे त्यांना ठाऊक आहे. "अगं, ऊठ. हे काय दाखवतायत बघ." बाहेर आले. टीव्हीवर राजभवन होतं. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते, त्यांच्यामागून अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची. आणि सासूबाईंच्या मांडीवर आमचा अंक उघडा पडला होता, पहिल्या पानावर माझी बातमी, माझं नाव. 'उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार.'

तारीख 23 नोव्हेंबर 2019. चौथा शनिवार, मंत्रालयाला सुट्टी, म्हणून आदल्या रात्री मुलीला राणीच्या बागेत न्यायचं कबूल करून झोपले होते.

आधीची संध्याकाळ वरळीला नेहरू सेंटरच्या बाहेर गेली होती. आत शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या नेत्यांची बैठक चालू होती. निकाल लागून महिना होत आला होता. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44, बहुमताला 145. हे आकडे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ झाले होते. 12 तारखेपासून राष्ट्रपती राजवट होती. त्या बैठकीतून बाहेर आल्यावर शरद पवार म्हणाले, सरकारचं नेतृत्व उद्धव ठाकरे यांनी करावं यावर एकमत झालंय. बाकीच्या मुद्द्यांवर चर्चा चालू राहील. अजित पवारही त्या बैठकीला होते.

मी कॉपीत 'एकमत' हाच शब्द लिहिला होता. डेस्कवरून फोन आला, "हेडिंगला 'होणार' घेतोय, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. एवढंच. खुद्द पवार बोलले होते, बैठकीला तिन्ही पक्षांचे नेते होते, कोणत्याही वार्ताहराने हेच म्हटलं असतं आणि मुंबईतल्या बहुतेक पेपरांनी त्या रात्री तेच छापलं. पण एकमत झालं म्हणजे अजून पाठिंब्याचं पत्र गेलेलं नाही, राज्यपालांनी बोलावलेलं नाही. मधलं हे अंतर मला माहीत होतं. इतकी वर्षं मंत्रालय कव्हर करून ते मला माहीत नसेल तर कोणाला असणार?

तोंडावर पाणी मारून निघाले तोच आबांचा फोन. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, तिथे आमची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावची, जाते. आबा माझी प्रत्येक बातमी कापून वहीत चिकटवतात. "पोरी, तू लिहिलंयस ते खरं का टीव्हीवर दाखवतायत ते?" आवाजात कुठेही चिडवणं नव्हतं. सकाळपासून पारावर लोक त्यांना विचारत होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "आबा, टीव्हीवरचं खरं." ते थोडं थांबून म्हणाले, "बरं. नीट जा."

वाटेत टॅक्सीतून फोनावर फोन. रात्री घडलेलं सगळं कागदावरच घडलं होतं. राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली होती. केंद्राच्या कामकाज नियमांत नियम 12 आहे. त्यानुसार पंतप्रधान मंत्रिमंडळाची बैठक न घेता निर्णय घेऊ शकतात, मंजुरी मागाहून घेता येते. मी तो नियम त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला, टॅक्सीत, मोबाइलवर.

दुपारी यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात पवार आणि ठाकरे यांची एकत्र पत्रकार परिषद झाली. उभं राहायलाही जागा नव्हती. तिथे राजभवनावर गेलेले राष्ट्रवादीचे काही आमदार पुढे आणले गेले. राजेंद्र शिंगणे म्हणाले, फोन आला म्हणून गेलो, राजभवनावर पोहोचेपर्यंत कशासाठी ते कळलं नव्हतं. मग सह्यांचा विषय निघाला. आमदारांची नावं आणि सह्या असलेली यादी पक्षाच्या कामासाठी तयार केलेली होती, ती विधिमंडळ पक्षनेता या नात्याने अजित पवारांच्या हाती होती, तीच पाठिंबा म्हणून दिली गेली असावी, असं शरद पवारांनी सांगितलं.

मला तो कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला. असे कागद आम्ही शेकड्याने बघतो. अनुक्रमांक, नाव, मतदारसंघ, सही. आपण फक्त सह्या मोजतो. वर कोणता मजकूर आहे, किंवा मजकूर आहे की नाही, हे किती वेळा बघतो? राज्याचं सरकार कोणाचं हा प्रश्न त्या दिवशी अशा एका पानाच्या वरच्या कोऱ्या भागात अडकलेला होता आणि महिनाभर मी बंगल्यांच्या दारात उभी राहून कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, तेच टिपत होते. सूत्रं मला माणसांबद्दल सांगत होती. कागद कोणाकडे आहे हे मी एकालाही विचारलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री लिहायला बसले तेव्हा प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी, कुठे म्हटलं ते लिहिलं. कॉपी लांबली, डेस्क वैतागलं. मी एकही नाव काढू दिलं नाही.

मंगळवारी, 26 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्या, मतदान खुलं असू द्या, थेट प्रक्षेपण करा, असा आदेश दिला. दुपारी आधी अजित पवारांच्या राजीनाम्याची बातमी आली, मग फडणवीसांनी पत्रकार परिषदेत आपण राजीनामा देत असल्याचं सांगितलं. ऑफिसमधून लगेच फोन, "राजीनामा दिला, टाकू ना?" मी म्हटलं, "देत असल्याचं जाहीर केलं, एवढंच टाका. अजून राजभवनावर जायचेत." फोन चालू ठेवूनच मी जिना उतरले आणि मलबार हिलकडे जाणारी टॅक्सी पकडली.